कोब्याखालची टाकी

रंग निघालेल्या फरशीवर गेलो की मी आधी रंग बघत नाही, निघालेल्या पापुद्र्याची पाठ बघतो. ईपॉक्सी, म्हणजे दोन घटक मिसळून फरशीवर चढवायचा टणक रंग, का सुटला, हे पाठीवर लिहिलेलं असतं. पाठ गुळगुळीत आणि स्वच्छ असेल तर रंग मुळात चिकटलाच नव्हता. राखाडी पीठ लागलेलं असेल तर रंग चिकटला होता, पण खालच्या सिमेंटची सालच कच्ची होती, ती घेऊन आला. तेलकट असेल तर काही विचारायलाच नको. आणि ओली असेल तर घरमालकाला बाजूला घेऊन बोलावं लागतं.

माझं नेहमीचं काम भोसरी-चाकणच्या कारखान्यांतल्या फरश्यांना हा रंग मारायचं. घरगुती गॅरेज मी सहसा घेत नाही. दोनशे चौरस फुटांसाठी ग्राइंडर, व्हॅक्यूम, चार पोरं आणि टेम्पो नेणं परवडत नाही, शिवाय घरमालक शेजारी उभा राहून सूचना देतो. हे काम घेतलं ते एका कारखान्याच्या मेंटेनन्सवाल्या साहेबांच्या भिडेखातर. निगडी प्राधिकरणातला त्यांचा जुना बंगला, बाजूच्या मोकळ्या जागेवर पत्रा टाकून आणि पुढे शटर लावून केलेलं गॅरेज. गणपती नुकतेच झाले होते. दसऱ्याला नवी एसयूव्ही येणार, तोवर फरशी चकाचक हवी. आदल्याच वर्षी कुणा रंगाऱ्याकडून ईपॉक्सी मारून घेतला होता, तो पावसाळ्यात उचलला.

"कंपनीचा माल डुप्लिकेट होता," साहेबांनी निकाल देऊन टाकला होता.

मी पट्टीनं तीन ठिकाणचे पापुद्रे काढले. चाकं उभी राहतात तिथला उलटा केला, तर पाठीला राखाडी पीठ. हे आपल्याकडचं जुनं दुखणं. गवंडी कोबा, म्हणजे जमिनीवरचा सिमेंटचा थर, घालतो, वर पाणी सुटलं की कोरं सिमेंट भुरभुरतो आणि थापीनं घोटून आरशासारखं करतो. दिसायला देखणं, पण ती वरची साल ठिसूळ. गाडी हायवेवरून येते तेव्हा टायर तापलेले असतात. उभं राहिल्यावर ते थंड होतात, आकसतात आणि रंगाला धरून ओढतात. रंग सालीसकट वर येतो. म्हणून चाकांच्या जागी चार चौकोन निघालेले आणि मध्ये रंग शाबूत, असं चित्र दिसतं.

स्कूटर लावायच्या जागी पाठ काळी आणि तेलकट. तिथे उघड्या कोब्यावर पाण्याचे थेंब टाकले, ते मोत्यांसारखे तसेच बसून राहिले. पाणी जिथे मुरत नाही तिथे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला हात, काय मुरणार!

तिसरी जागा मागच्या कोपऱ्यातली, आतल्या भिंतीलगतची. तिथे रंग सोललेला नव्हता, फुगलेला होता. लिंबाएवढे फोड. एक सुरीनं टोचला तर आतून पाणी आलं, किंचित बुळबुळीत. मी खिशातली पीएचची पट्टी लावली, ती गडद निळी झाली, म्हणजे पाण्यात क्षार भरपूर. धुण्याचं किंवा पावसाचं साधं पाणी रंगाच्या कडेनं आत शिरलं असतं तर पट्टी इतकी चढली नसती. हे पाणी काँक्रीटमधून झिरपत, त्यातला क्षार घेऊन खालून वर आलं होतं.

साहेबांना म्हटलं, "माल बरा होता हो. एकाच गॅरेजमध्ये तीन वेगळे आजार आहेत, आणि तिसरा कुठून येतोय ते मला अजून कळलेलं नाही."

त्यांचा चेहरा बघून कळलं की त्यांना हे मी रेट वाढवायला बोलतोय असं वाटतंय.

त्या संध्याकाळी दीड फुटी प्लॅस्टिकचे चौकोन कापून चारही कडांनी टेप मारून चिकटवले. एक मध्यभागी, एक शटरजवळ, एक त्या कोपऱ्यात. किमान सोळा तास ठेवावे लागतात. या परीक्षेला काही खर्च नाही आणि तरी दहातले नऊ रंगारी ती करत नाहीत, कारण उत्तर वाईट आलं तर काम थांबतं. दुसऱ्या दिवशी मधला आणि शटरजवळचा चौकोन आतून कोरडा. कोपऱ्यातल्याच्या आतल्या बाजूला थेंबच थेंब, आणि खालचा कोबा काळपट पडलेला. ऐन सप्टेंबरात जमीन सगळीकडेच ओली असते, पण मग ओल सगळीकडे दिसायला हवी. एकाच कोपऱ्यात का? मला ड्रेनेजच्या पाइपाचा संशय आला.

तोवर कोरड्या बाजूचं घासकाम सुरू करू म्हटलं. साहेब म्हणाले, "अ‍ॅसिड टाकून धुतलं तर? मशीन कशाला?" घरात अ‍ॅसिड मला अजिबात आवडत नाही. त्यानं तेल हलत नाही, वाफेनं गॅरेजमधल्या हत्यारांना गंज चढतो, आणि नीट धुतलं नाही तर क्षार मागे राहतात. त्यात आधीच ओल्या जागी आणखी पाणी ओतायचं. हिऱ्याच्या सेगमेंटचं (हिऱ्याचे कण बसवलेल्या तुकड्यांचं) घासायचं ग्राइंडर आणि त्याला जोडलेला व्हॅक्यूम, एवढंच हवं. व्हॅक्यूम ही चैन नव्हे. ती सिमेंटची धूळ छातीत बसते आणि परत निघत नाही, म्हणून पोरांना मास्कशिवाय मशीनला हात लावू देत नाही.

ग्राइंडर चालवणारा पोरगा बीडचा. दहावी नापास, पण कान असा की मशीनच्या आवाजावरून सेगमेंट किती उरलाय ते सांगतो. कोपऱ्याकडे सरकता सरकता त्यानं मशीन बंद केलं.

"दादा, आवाज बदलला."

मला काही फरक वाटला नव्हता. त्यानं मशीन पुन्हा चालू करून त्याच जागेवरून दोनदा फिरवलं, तेव्हा लक्षात आलं. इकडे कर्रर्र, तिकडे गेलं की घूं.

पोकळ कोबा आम्हाला नवा नाही. खालच्या पीसीसीपासून (सळया नसलेल्या साध्या काँक्रीटपासून) कोबा सुटलेला असतो, हातोडी मारली की बद्द वाजतो. तेवढा भाग तोडून भरायचा, विषय संपला. मी हातोडी घेतली, त्यानं खडू. वाजवत जायचं, जिथे आवाज बदलेल तिथे खूण करायची. शटरकडून येताना खणखण, मग एकदम खोल घुमणारा आवाज. सुटलेल्या कोब्याचा आवाज असा खोल नसतो, पातळ आणि फुटका असतो. आणि खुणा जोडत गेलो तसा फरशीवर चक्क आयत उमटायला लागला. सुटलेल्या कोब्याची कड वेडीवाकडी असते. ही रेघ सुतात, कोपरा काटकोनात. साधारण पाच फूट बाय सात फूट. माणसानं बांधलेल्या गोष्टीचीच कड अशी सरळ असते.

आम्ही तिघं त्या आयताभोवती उभे असताना साहेबांच्या आई चहा घेऊन आल्या. ऐंशीच्या पुढच्या, पण नजर खणखणीत. खडूची रेघ बघून म्हणाल्या, "टाकी मोजताय का?"

"कुठली टाकी, आजी?"

"अरे, पाण्याची! अर्धी इकडे, अर्धी भिंतीपलीकडे. झाकण मागे मोरीजवळ आहे ना. पूर्वी ही जागा उघडीच होती. टाकीच्या स्लॅबला ऊन छान लागायचं, आम्ही तिच्यावर पापड वाळत घालायचो."

साहेबांना टाकी आहे हे माहीत होतं. झाकणाखाली तेवढीच असेल असं ते समजून चालले होते. गॅरेज केलं तेव्हा त्यांचे वडील हयात होते, त्यांनी वरून सलग कोबा घालून घेतला आणि विषय तिथेच बुजला. आता ओलीचं कोडं सुटलं. पिंपरी-चिंचवडला 2019 च्या अखेरीपासून पाणी एक दिवसाआड, त्यामुळे टाकी कायम भरलेली. खाली पाणी, वर बंद हवा, त्यावर स्लॅब. ती वाफ रात्रंदिवस काँक्रीटमधून वर जात होती आणि कोब्यातून उडून जात होती. वर ईपॉक्सीचं झाकण बसलं तशी ती अडली आणि फोड आले.

पण माझं डोकं ओलीवरून केव्हाच पापडांवर गेलं होतं. पापड वाळवायला घातलेला स्लॅब. माणसं चढतील, फार तर दोन गाद्या वाळत पडतील, एवढ्या हिशेबाचा. आणि रंगावरचे चाकांचे चार चौकोन बघितले तर पुढच्या दोन चाकांपैकी एक बरोबर खडूच्या रेघेच्या आत. गाडीच्या एका चाकावर चारशे किलोच्या आसपास भार येतो, नवी गाडी याहून जड.

मोरीजवळचं झाकण उघडलं. आत कुणालाही उतरू दिलं नाही, बंद टाकीतली हवा कशी असेल याचा भरवसा नसतो. काठीला मोबाईल बांधून, टॉर्च लावून, व्हिडिओ चालू ठेवून आत सोडला. वर काढून सगळ्यांनी बघितला. स्लॅबच्या पोटाचं कव्हर, म्हणजे सळया झाकणारं काँक्रीट, मोठ्या पट्ट्यात गळून पडलेलं. सळया उघड्या, तांबड्या, एका जागी तर पापुद्रे सुटून अर्ध्या झालेल्या. सळई गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. पाण्याच्या टाकीच्या छताला हे होतंच, कारण तिथे कायम दमट हवा असते. वरून मात्र काही कळत नाही. वरून तर चकाचक कोबा.

साहेबांनी व्हिडिओ दोनदा बघितला. मग काही न बोलता किल्ली घेऊन आले आणि बाहेर उभी असलेली जुनी गाडी, जी संध्याकाळी आत लावायची होती, ती समोरच्या झाडाखाली लावून आले.

मी सामान टेम्पोत भरलं. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या आधी इथे रंगाचं काही काम नाही. इंजिनिअर आले, बघितलं आणि पहिलं वाक्य म्हणाले ते हेच, की यावर गाडी नको. टाकी रिकामी केली, तो भाग तोडला, गाडीचा भार धरून सळयांच्या दुहेरी जाळीचा नवा स्लॅब टाकला, आतून वॉटरप्रूफिंग केलं. नवं काँक्रीट किमान अठ्ठावीस दिवस मुरू द्यायचं असतं. दसऱ्याला एसयूव्ही आली ती हार घालून रस्त्यावरच उभी राहिली. साहेब फोनवर म्हणाले, "शेजारी विचारतात, गॅरेज असून बाहेर का?" मी तरी काय सांगणार!

रंगाचं काम झालं जानेवारीत. तेलाचा भाग आधी तेल काढणाऱ्या डीग्रीझरनं उकरून घासून काढला, तिथला कोबा तीन-चार मिलिमीटर खाली उतरवून पुन्हा भरला. टाकीवरच्या भागात थेट ईपॉक्सी न मारता आधी तीन घटकांचा ईपॉक्सी-सिमेंटचा थर दिला, वाफेचा जोर तो अडवतो. आणि जुना कोबा व नवा स्लॅब मिळतात त्या रेघेवर कटरनं खाच मारून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे लवचीक भरण, भरलं. साहेबांना ती रेघ खटकत होती. "सलग करता येणार नाही का?" येईल की, पण खाली मुरूमावर बसलेली फरशी आणि भिंतींवर टेकलेला स्लॅब एकसारखे हलत नाहीत. आपण रेघ नाही ठेवली तर फरशी स्वतःची रेघ स्वतः काढते, आणि ती सरळ नसते.

वरचा थर दुपारी चारनंतर घेतला. सकाळी फरशी तापत जाते, तिच्या छिद्रांतली हवा फुगून वर येते आणि ओल्या रंगात टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. ऊन उतरल्यावर हवा आत ओढली जाते, रंगही तिच्यामागून आत जातो. थंडीत माल घट्ट होतो, म्हणून डबे सकाळपासून आजींच्या स्वयंपाकघरात ठेवले होते. आधी बेस, म्हणजे मुख्य घटक, तळापासून ढवळायचा, मग तो टणक करणाऱ्या हार्डनरचा डबा त्यात पूर्ण रिकामा करायचा, अंदाजे निम्मं-निम्मं कधीच नाही. संथ मशीननं ढवळून दुसऱ्या बादलीत ओतायचं आणि पुन्हा ढवळायचं, कारण पहिल्या बादलीच्या कडेला न मिसळलेला माल चिकटून असतो आणि तोच पुढे फरशीवर चिकट डाग होऊन राहतो. मग लगेच फरशीवर ओतून मोकळं व्हायचं. खाचेच्या स्क्वीजीनं (दातेरी कडेच्या पट्टीनं) पसरायचं, खिळ्यांचे बूट घालून वर चालायचं, काटेरी रोलर फिरवायचा.

थोडा माल उरला. साहेब म्हणाले, "फेकू नका, बादलीत राहू द्या, टचअपला होईल." पोरांनी माझ्याकडे बघितलं. मी बादली अंगणात ठेवायला सांगितली. चहा होईपर्यंत तिच्यातून धूर निघायला लागला आणि तळाचं प्लॅस्टिक मऊ पडलं. फरशीवर पसरलेला माल उष्णता सोडून देतो, बादलीत साठलेला स्वतःच्याच उष्णतेनं भडकतो. साहेबांनी त्यानंतर एकही सूचना केली नाही.

शटरजवळ ऊन येतं, तिथे ईपॉक्सी पिवळा पडतो, म्हणून त्या पट्ट्यावर पीयूचा हात दिला. पावसात भिजलेल्या चपला घसरू नयेत म्हणून शेवटच्या थरात बारीक क्वार्ट्‌झ वाळू. आजींनी एकच विचारलं, यावर रांगोळी काढली तर पुसली जाईल ना? जाईल, पण वाळूमुळे झाडू दोनदा मारावा लागेल.

दुसऱ्या दिवशी चालायला हरकत नव्हती, गाडीला पूर्ण सात दिवस. तिसऱ्या दिवशी फोन आलाच, "वाळलंय एकदम, लावू का?" नाही म्हटलं. आठव्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. एसयूव्ही आत, आणि चारही चाकांखाली टीव्हीच्या खोक्याचे पुठ्ठे कापून ठेवलेले. साहेबांना लिहिलं, पुठ्ठे काढा, ती फरशी गाडीसाठीच केली आहे. त्यांचं उत्तर आलं, "आईनं ठेवलेत. तुम्हीच सांगा तिला."