किलमार्टिन: दोन दिवस, एक हुकलेली बस आणि ढीगभर दगड

जूनमध्ये ग्लासगोहून स्कॉटलंडमधल्याच किलमार्टिन या छोट्या गावाला जाऊन आलो. ऑफिसमधला स्कॉटिश माणूसच म्हणाला, तिथे दगडांशिवाय आहे काय? बरोबर आहे त्याचं, पण मी नागपूरचा, लहानपणी रविवारी बाबांच्या स्कूटरवर जुनापाणीची शिळावर्तुळं बघायला जायचो, त्यामुळे दगड म्हटलं की आपण तयार.

गाव म्हणजे रस्त्याच्या कडेला चार घरं, चर्च, एक हॉटेल आणि म्युझियम, एवढंच. पण चर्चच्या मागून खाली बघितलं की सपाट दरी दिसते आणि तिच्यात पाच हजार वर्षांपासूनच्या दगडी कबरी एका ओळीत मांडलेल्या. तिकीट नाही, गार्ड नाही. बाजूला मेंढ्या चरतात.

आधी म्युझियम बघा, मग खाली उतरा, नाहीतर नुसते ढिगारे दिसतील. ओळीतल्या नेदर लार्गी साउथ या ढिगाऱ्यात वाकून थेट कबरीच्या आत जाता येतं. नेदर लार्गी नॉर्थला तर ढिगाऱ्याच्या डोक्यावर झाकण आहे, ते सरकवायचं आणि शिडीने खाली. आत एका शिळेवर कुऱ्हाडीची पाती कोरलीत, मोबाइलचा टॉर्च तिरका धरा तर दिसतील, सरळ मारला तर काही दिसत नाही. (मी सरळच मारून पंधरा मिनिटं घालवली, आणि वर येताना डोकं आपटलं ते वेगळं.) पुढे टेंपल वुडचं शिळावर्तुळ, झाडांच्या सावलीत, तिथे डबा खायला बसलो.

माझा खरा जीव अडकला तो अखनाब्रेकला. केर्नबान गावाजवळ जंगलात थोडं चढून जावं लागतं. उघड्या कातळावर वाटीसारखे खळगे आणि भोवती गोल गोल रिंगा, कशासाठी ते आजही नक्की सांगता येत नाही. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने जुनापाणीच्या दगडांवरचे असेच खळगे बघून ब्रिटनमधल्या खुणांशी तुलना केली होती. दोन्हींच्या काळात हजारो वर्षांचं अंतर आहे, संबंध काही नाही, तरी त्या कातळावर बसून मी बाबांना व्हिडिओ कॉल लावलाच. रेंज नव्हती. दुपारी बाराला जाऊ नका, सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरकं असतं तेव्हा रिंगा उठून दिसतात, आणि जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो त्यामुळे घाई नाही.

डुनाड ही टेकडी किलमार्टिनपासून चारेक मैल दक्षिणेला. दाल रियाटा या जुन्या राज्याच्या राजांचा किल्ला, वर खडकात पावलाचा ठसा, त्यात पाय ठेवून राजा व्हायचा असं मानतात. आता दिसतो तो ठसा वरून बसवलेली प्रतिकृती आहे, मूळ खाली सुरक्षित, त्यामुळे बिनधास्त पाय ठेवा. माझा बूट नऊ नंबरचा, काही बसला नाही. चढ सिंहगडाच्या मानाने काहीच नाही, पण ओल्या खडकावरून घसरायला होतं.

आता जायचं कसं. ग्लासगोच्या बुकॅनन बस स्टेशनवरून लॉखगिल्पहेडची बस, साधारण अडीच तास, जाताना उजवीकडची सीट धरा, लॉख लोमंड हा तलाव त्या बाजूला येतो. मधला घाट दरड कोसळून कधीकधी बंद असतो, निघण्याआधी बघून घ्या. लॉखगिल्पहेडहून किलमार्टिन आठ मैल, ओबनकडे जाणारी लोकल बस मिळते पण दिवसात मोजक्याच. मी शेवटची चुकवली आणि टॅक्सीला पैसे ओतले. रविवारचं टाइमटेबल तर वेगळंच तपासा. गाडी असेल तर प्रश्नच नाही, पण मग पायी फिरणं होत नाही आणि मजा त्यातच आहे.

दुसऱ्या दिवशी पाय दुखत असतील तर क्रिनन कालव्याच्या काठाने चाला, एकदम सपाट. १८०१ साली उघडलेला नऊ मैलांचा कालवा, १५ लॉक (पाणी भरून-सोडून बोट वर-खाली करणारे दरवाजांचे कप्पे) आहेत, शिडाच्या बोटी पायरी पायरीने वर चढताना बघत अर्धा दिवस जातो.

शाकाहारी असाल तर खाकरे, ठेपले बरोबर ठेवा, सूप आणि चिप्सवर दोन दिवस निघत नाहीत. वॉटरप्रूफ बूट लागतातच. आणि मिजेस! आपल्या चिलटांएवढे, पण चावतात, वारा पडला की झुंडीने. जाळीची टोपी विचित्र दिसते म्हणून मी घेतली नाही, अजून कानामागे खाजवतोय.