वर्ख चढवण्याआधीचं काम

सोन्याचा वर्ख साधारण ०.१ मायक्रॉन जाडीचा असतो. त्याखाली लाकडावरचा ओरखडा, अस्तरातलं (लाकडावर चढवलेल्या सरस-खडूच्या थरातलं) सुईच्या टोकाएवढं छिद्र, कुंचल्याची रेघ, काहीच लपत नाही. उलट उठून दिसतं. त्यामुळे सोनेरी चौकटीच्या कामातला बहुतेक वेळ सोन्याला हात न लावताच जातो, आणि तो वाचवायला जाऊ नये.

सशाच्या कातड्याचा सरस वजनाने १ भाग, पाणी १० भाग. रात्रभर भिजवून गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायचा. उकळी येऊ द्यायची नाही. उकळलेल्या सरसाची पकड जाते आणि ते कळतं तेव्हा चौकट पूर्ण झालेली असते. कोमट सरसात चाळलेली खडूची पूड भुरभुरायची आणि संथ ढवळायचं. जोरात ढवळलं की हवेचे बुडबुडे अडकतात, वाळल्यावर त्यांचीच छिद्रं होतात. या अस्तराचे ६ ते ८ हात द्यायचे. आधीच्या हाताची ओली चमक गेली की लगेच पुढचा. कोपरे मात्र आधीच जोडलेले हवेत, म्हणजे सांधा अस्तराखाली जातो. त्यावर पातळ कापडाची पट्टी चिकटवली तर लाकूड फुगलं-आकसलं तरी तडा सहसा जात नाही.

वरच्या थरातला सरस खालच्यापेक्षा कधीही जड, म्हणजे जास्त दाट, नको. जड असला तर वाळताना तो खालच्या थराला ओढतो आणि पापुद्रे सुटतात.

अस्तर घासून गुळगुळीत झालं की सरस मिसळलेल्या तांबड्या चिकणमातीचे ३-४ पातळ हात. तांबड्यामुळे सोन्याला ऊब येते, पण खरं काम मातीच्या मऊपणाचं: घोटताना ती दबते, म्हणून झिलई चढते.

मग पंखा बंद. पाण्यात थोडं अल्कोहोल घालून माती भिजवायची आणि खारीच्या केसांच्या चपट्या कुंचल्याने पान अलगद सोडायचं. पाण्याने मातीतला सरस जागा होतो आणि वर्ख धरतो. कोरड्या राहिलेल्या जागी तो धरणार नाही.

अकीकाने (गुळगुळीत दगडाने) घोटायची वेळ साधारण २ ते ४ तासांनी येते, पण हवेत दमटपणा असेल तर जास्त लागतो. घड्याळावर विसंबू नका. दगडाने हलकेच ठोकून ऐका. आवाज बद्द आला तर आत ओल आहे, सोनं फाटेल. खणखणीत आला की लगेच घोटा. फार वाळल्यावर झिलई येत नाही.

तेलाच्या चिकीवर, म्हणजे पाण्याऐवजी तेलकट चिकट लेपावर, लावलेला वर्ख असा घोटता येत नाही. स्वस्त पितळी पानं वापरलीत तर वरून लॅकरचा हात हवाच, नाहीतर ती काळवंडतात.