गहू पेरणाऱ्यांचं गवत

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, विचिटा शहरी मेहुण्याकडे मुक्काम होता. मॉल, बार्बेक्यू, पुन्हा मॉल. शेवटी एका सकाळी त्याला ओढतच नॉर्थ न्यूटनला नेलं, गाडीने अर्धा तास. कॅन्ससमध्ये गाडीशिवाय पान हलत नाही.

इथलं बेथेल कॉलेज मेनोनाइट लोकांचं. सोळाव्या शतकातल्या मेनो सिमन्सच्या नावाने चाललेला हा ख्रिस्ती पंथ. शस्त्र हाती धरायचं नाही हा त्यांचा बाणा. रशियात लष्करभरतीची सक्ती येऊ घातली, तेव्हा १८७४ साली आजच्या युक्रेनमधली अख्खी गावंच्या गावं उठून इकडे आली.

तिथल्या कॉफमन म्युझियममधल्या जुन्या वस्तू मी भराभर उरकल्या. रमलो ते बाहेरच्या गवतात. सप्टेंबरमुळे बिग ब्लूस्टेम माझ्या डोक्यावर गेलेलं, तुऱ्याला टर्कीच्या पंजासारखी तीन बोटं. वारा सुटला की अंगावर नुसती सळसळ. हे रान मुद्दाम पेरून वाढवलंय.

सत्तरीतले एक शेतकरी आजोबा तिथे भेटले. म्हटलं, "पूर्वी सगळीकडे हेच असेल ना?"

"होतं. आमच्या पणजोबांनी नांगरलं."

इतकं सरळ उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. या लोकांनी सोबत टर्की रेड गहू आणला. शरदात पेरायचा, उन्हाळ्याच्या तोंडाशी कापायचा. आपल्या रब्बीचाच भाऊबंद. कॅन्सस गव्हाचं कोठार झालं आणि गवत गेलं. अमेरिकेतल्या उंच गवताच्या प्रेअरीपैकी, म्हणजे गवताळ माळरानापैकी, आता जेमतेम चार टक्के उरलीय. तीही बरीचशी जवळच्या फ्लिंट हिल्स या टेकड्यांमध्ये, कारण तिथल्या दगडांत नांगर चालेना. म्हणजे भक्तीपेक्षा दगडांचेच उपकार जास्त!

आजोबांनी मुळांचं सांगितलं: दहा फुटांपर्यंत खाली जातात, म्हणून वरचं गवत जाळलं तरी पुन्हा फुटतं. उलट जाळलं नाही तर सीडरची झाडं घुसतात. "जमीन देवाची, आम्ही राखणदार," असंही म्हणाले.

मेहुण्याला गप्प कुठे बसवतंय? "तुमच्या शेतात किती गवत आहे?"

"ओढ्याकाठची एक पट्टी. बाकी गहू न् सोयाबीन. कर्ज आहे ना."

प्रवचन झोडणाऱ्यांपेक्षा मला हा माणूस आवडला. तरी त्या पट्टीने मन भरलं नाही, हेही खरंच.

जेवायला व्हेरेनिके मागवले, म्हणजे आत चीज भरून उकडलेल्या करंज्या. त्यावर हॅमची ग्रेव्ही. मेहुणा शाकाहारी, त्याला कोरडेच गिळावे लागले आणि विचिटा येईपर्यंत मला तेवढंच ऐकावं लागलं.