मांजरपाटाचे मोजे

यंदा शेतातल्या भरीत पार्टीला पुतण्याने लॅपटॉप आणला. फेब्रुवारी संपत आलेला, वांग्यांचा हंगामही, म्हणजे ही शेवटचीच पार्टी. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर बामणोदची हिरवट-पांढरी वांगी फसफसत होती, दीर काडीने ती उलटीपालटी करत होते, जाऊबाई कांद्याची पात चिरत होत्या, आणि हा बाजेवर मांडी घालून सगळ्यांना एका माकडाचा व्हिडिओ दाखवत होता. माकडाचं नाक पार ओठांवर लोंबत होतं.

"हे बघायला जायचंय आम्हाला. हनि..." एवढं म्हणेपर्यंत त्याला समोर आजी दिसली. "म्हणजे, फिरायला."

"कथा जाई राहिनात?" सासूबाईंनी अहिराणीत विचारलं. पंच्याऐंशी वर्षांच्या आहेत, पण जे ऐकायचं ते बरोबर ऐकू येतं.

"बोर्निओ, आजी."

"बोरे लेवाले? इतला दूर?"

आजीला उत्तर देण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही. बोरांचेच दिवस होते, त्यामुळे प्रश्न तसा अस्थानी नव्हताच.

लग्न मेच्या पहिल्या आठवड्यात. मुलगी धुळ्याची, पार्टीला तीही आलेली. डॉक्टर आहे, एका मोठ्या दवाखान्यात रात्रपाळ्या करून करून डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेली. तिची मागणी अगदी साधी होती: समुद्र पाहिजे, वाळू पाहिजे आणि सकाळी कुणी उठवता कामा नये. पुतण्याची मागणी नेमकी उलटी. हा हिंजवडीत संगणकापुढे बसतो आणि सुट्टी मिळाली की सातपुड्यात घुसतो. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्र काढलेला मुलगा. त्याला आयुष्यात एकदा खरं वर्षावन बघायचं होतं. एकाला घामाने निथळायचं होतं, दुसरीला आडवं पडायचं होतं. दोन्ही एकाच सहलीत, दहा दिवसांत आणि तीन लाखांच्या आत.

मला या प्रकरणात का ओढलं, तर मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका. घरात कुणी कुठेही निघालं की नकाशा माझ्यापुढे येतो.

आधी तिनेच कोस्टारिका काढलं होतं. तिथे मॅन्युएल अँटोनिओ नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, जंगल उतरत उतरत थेट समुद्रकिनाऱ्यावर येतं. झाडावर स्लॉथ, खाली पांढरी वाळू. हा स्लॉथ आठवड्यातून साधारण एकदा झाडावरून खाली येतो, तोही शौचाला. उरलेला वेळ लटकलेला. "हाच माझा आदर्श," असं ती म्हणाली तेव्हाच मला सून पसंत पडली. पण जळगावहून कोस्टारिका म्हणजे जाण्यायेण्यातच चार दिवस, आणि मे महिन्यात तिकडे पाऊस सुरू होतो.

ॲमेझॉनही एका संध्याकाळपुरतं चर्चेत आलं. तिथे जायचं तर पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि तिचा दाखला नसेल तर परत आल्यावर आपल्याकडे सहा दिवस विलगीकरणात ठेवतात. जाऊबाईंनी हे ऐकलं आणि ॲमेझॉन तिथेच संपलं. नवी सून आणि सहा दिवस कोंडून?

मग श्रीलंका. सिंहराजाचं वर्षावन १९८८पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथून दक्षिणेचा किनारा काही तासांवर. सगळं छान, फक्त मेमध्ये नैऋत्य मोसमी वारे आपल्या आधी त्यांच्याकडे पोचतात, आणि नेमके त्याच बाजूला. अंदमानचंही तेच, मेच्या उत्तरार्धात पाऊस टेकतो. थोडक्यात, लग्नाची तारीख पंचांगाने ठरवली आणि त्या तारखेने देश ठरवला. बोर्निओच्या उत्तर टोकाचा सबाह, मलेशियाचं राज्य. तिथला जोराचा पाऊस नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मे त्यामानाने बरा. त्यामानाने, हे मी दोनदा सांगितलं. वर्षावनात वर्षा नसेल अशी अपेक्षा ठेवून जाणाऱ्याने लोणारला जावं.

शिवाय मलेशियाने डिसेंबर २०२३पासून आपल्याला तीस दिवस व्हिसा माफ केलाय. मजा अशी की क्वालालंपूरला पासपोर्टवर शिक्का बसला तरी सबाहमध्ये उतरल्यावर पुन्हा वेगळी तपासणी. एकाच देशात दोन वेशी.

नकाशा पसरला तो भरीत ठेचून झाल्यावर. ताटं धुतली, बाजेवर कागद टाकला आणि मी पुतण्याला विचारलं, "तुला प्राणी दिसतील असं वाटतं?"

"वर्षावन आहे काकू! तिथे नाही दिसणार तर कुठे?"

इथेच आपली खानदेशी माणसं फसतात. आपला सातपुडा पानगळीचा. मेमध्ये साग उघडाबोडका होतो, नाले आटतात, मोजके पाणवठे उरतात, म्हणून तर मचाणावर बसून जनावरं मोजता येतात. वर्षावनात पानं बारा महिने, पाणी जागोजागी. जनावराला अमुक ठिकाणी येण्याची गरजच नाही. दहा हातांवर ओरांगउटान बसला असेल आणि तुम्हाला फक्त फांदी हललेली कळेल. म्हणून नदी हवी. सबाहमधल्या किनाबतांगन नदीत होडीने फिरलं की दोन्ही काठ मोकळे दिसतात, आणि ती नाकाळी माकडं संध्याकाळी झोपायला काठावरच्याच झाडांवर येतात.

काठावर प्राणी इतके का दिसतात, याचं दुसरंही कारण आहे आणि ते मी त्याला सांगितलं, कारण भरीताबरोबर शेवही होती. त्या नदीच्या मागे बऱ्याच भागात आता जंगल उरलेलं नाही, तेलताडाच्या बागा आहेत. जनावरं काठच्या पट्ट्यात दाटलीत. आणि पामतेल जगात सगळ्यात जास्त विकत घेतो तो आपला देश. आमच्या लहानपणी रेशनवर पामोलिनची पिशवी आली की आई शेव पाडायची. आता हीच शेव खात मी कुणाला काय शहाणपण शिकवणार? पण पुतण्याने शेवेची वाटी जरा बाजूला सरकवली. दहा मिनिटांनी परत ओढली.

आता सकाळचा प्रश्न. होडी सहाला निघते. सबाहचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, म्हणजे आपल्या शरीराचे साडेतीन. हे ऐकून डॉक्टरीणबाईंचा चेहरा रात्रपाळी लागल्यासारखा झाला. बराच वेळ दोघं कुणीच बोललं नाही. मग तिने पेन घेतलं आणि कागदावर लिहिलं: जंगल चार दिवस, समुद्र पाच. तो म्हणाला, पाच-चार. ती म्हणाली, "ठीक आहे, पण जंगल आधी. चिखलाचे बूट, ओले कपडे सगळं आधीच होऊन जाऊ दे. आणि समुद्रावर तू मला उठवलंस तर मी माहेरी." हे शेवटचं तिने सासऱ्यांसमोर म्हटलं. दिरांनी काडीने विस्तव नीट करण्यात लक्ष घातलं.

जंगल आधी हे मलाही पटलं, फक्त समुद्र शेवटी आला की एक पथ्य पाळायला हवं. त्याला स्कूबा करायचंय, आणि खोल पाण्यातून वर आल्यावर अठरा तास तरी विमानात बसू नये म्हणतात. शेवटचा दिवस रिकामा ठेवायचा, नुसतं वाळूत पडायचं. तिच्या हातात आयतंच कोलीत.

"आणि ऊन किती असेल?" जाऊबाईंचा प्रश्न.

"बत्तीस."

सगळे हसले. मेमध्ये आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, दुपारी भुसावळच्या फलाटावर उभं राहून दाखवा. पण हेही मला मोडून काढावं लागलं. आमचा उन्हाळा कोरडा. म्हणून कूलरच्या गवतावर पाणी पडलं की हवा गार होते, म्हणून माठ गार राहतो, म्हणून घाम आला न आला तोच वाळतो. तिथल्या दमट हवेत पाणी उडतच नाही. आपला कूलर तिथे लावला तर नुसता आवाज करील. बत्तिसात माणूस भिजून चिंब, आणि दोरीवरचा टॉवेल तीन दिवस ओला. सून म्हणाली, "म्हणजे मुंबई, फक्त झाडं जास्त." भूगोल शिकवताना तीस वर्षांत मला एवढी चटपटीत व्याख्या सुचली नव्हती.

यानंतर जळवा निघाल्या. एक जात जमिनीवरून येते, दुसरी वाघजळू, ती गुडघ्या-कमरेच्या उंचीच्या पानांवर वाट बघत बसते. चावली की रक्त गोठू देत नाही, सुटली तरी वाहतच राहतं. पुतण्या हे सगळं रंगवून सांगत होता आणि सासूबाई ऐकत होत्या.

"पैसा दिसन जळूस्ले रगत पाजानं? येडा शेतस का?"

यावर खरंच कुणाकडे उत्तर नव्हतं.

मला मात्र त्या दुपारी दुसरंच आठवत होतं. आमचं लग्न १९९४च्या मेमधलं. तेव्हा हनिमून हा शब्द घरात कुणी उच्चारत नसे. नव्या जोडप्याला बाहेर धाडायचं ते देवाला. आम्हाला मनुदेवीला पाठवलं, सातपुड्याच्या पायथ्याला, सोबत दोन नणंदा आणि नारळांची पिशवी. देवळाजवळ धबधबा आहे असं ऐकून होते. मे महिन्यात कसला धबधबा, काळा खडक नुसता तापलेला.

पण परत आल्यावर चोपड्याकडच्या शेतात केळीला पाणी द्यायचं होतं. वीज रात्री अकराला यायची. हे मोटर लावायला निघाले आणि मला म्हणाले, "येतेस?" एवढंच. बाहेर अजून गरम झळा होत्या, आणि बागेत पाऊल टाकलं तर वेगळाच मुलूख. पानं डोक्यावर एकमेकांत गेलेली, खाली ओल, खोडांना हात लावला तर थंडगार. पाटात पाणी आलं की बेडूक एकदम सुरू झाले. बॅटरीच्या उजेडात एका घडावर दोन डोळे चमकले. मी ह्यांचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. उदमांजर होतं, पिकलेलं केळ खायला आलेलं. आमच्याकडे पाहिलं, खाल्लं, निघून गेलं. आम्ही तसेच उभे, पायांवरून पाणी चाललेलं. एक वाफा तुंबला तरी ह्यांना कळलं नाही, आणि सकाळी सासऱ्यांनी विचारलं तेव्हा ह्यांनी विजेवर ढकललं.

वर्गात केळीचं मूळ शिकवताना मला नेहमी हा वाफा आठवायचा. केळ मुळात त्या तिकडच्याच जंगलातली, आग्नेय आशिया आणि न्यू गिनीच्या ओल्या रानांतली. रानकेळ अजून तिथे आहे, आत हरभऱ्यासारख्या टणक बिया. जंगलात झाड पडून उजेड आला की रानकेळ लगेच वर येते. तिचं कूळ फिरत फिरत आमच्या तापीकाठी आलं, ठिबकच्या नळीवर जगू लागलं, आणि २०१६मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पुतण्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मग तर आम्ही केळीच्या माहेरी चाललोय." सासूबाईंना त्याने ते अहिराणीत समजावलं. त्यांनी पहिल्यांदाच मान डोलावली. माहेर म्हटल्यावर अंतराचा प्रश्न मिटतो.

तिकिटं काढली. तरी एक पेच उरलाच. १७ मे ते १५ जून यंदा अधिक ज्येष्ठ, लग्नानंतरचा पहिलाच धोंड्याचा महिना, आणि विहीणबाईंनी जावयासाठी तेहतीस अनारशांचं वाण आत्ताच ठरवून टाकलंय. परतीची तारीख त्या हिशेबाने बांधली. स्कूबानंतरचे अठरा तास आणि अनारसे, दोन्ही सांभाळून.

माझ्या वाट्याला शिवणकाम आलं. जळवांसाठी वेगळे मोजे मिळतात, दाट विणीच्या कापडाचे, पायजम्यावरून चढवून गुडघ्याखाली नाडीने बांधायचे. पुतण्याने दाखवलेली किंमत ऐकून मी कपाटातून मांजरपाट काढलं. पांढरं एवढ्याचसाठी की जळू चढताना दिसली पाहिजे. जुनी उषा मशीन, दोन धारी शिवण, टाचेला कळी, वर पायजम्याची नाडी. चार नग झाले. वाळत घातले तेव्हा शेजारच्या काकूंनी गच्चीवरून विचारलं, "हे काय गं, पोळ्याच्या बैलजोडीला?"

"हनिमूनचं आहे," मी म्हटलं. त्या हसायच्या थांबेनात.

खाली आले तर सासूबाई पुतण्याची बॅग उघडून बसल्या होत्या. कमरेचा बटवा सोडून त्यांनी तंबाखूची एक पुडी बाजूला काढली आणि मोज्यांसाठी हात पुढे केला. जळूला तंबाखू सोसत नाही, हे त्यांना आमच्या नकाशाआधीपासून ठाऊक होतं. पुडी त्यांनी एका मोज्यात खोल कोंबली, वर नाडीची गाठ मारली आणि दुसरा मोजा उलटासुलटा करून बघत म्हणाल्या, "कळी वाकडी शे."