तुम्ही विचारलंत म्हणून: मी मुंबई दाखवायला का येत नाही

दिवाळी जवळ आली की फोन सुरू होतात. आम्ही येतोय चार दिवस, पोरांना मुंबई दाखवायचीय, तू आहेसच. मी नाही म्हणालो की पुढचा प्रश्न ठरलेला, अरे तू तिथलाच ना, जन्म तिथला, वडील तिथल्या गोदीत होते, मग एक दिवस आमच्याबरोबर फिरायला काय होतं तुला? लिस्ट पाठवतोस, लोकेशन पाठवतोस, स्वतः मात्र येत नाहीस. मागच्या महिन्यात मामीने तर सरळ विचारलं की घरात काही बिनसलंय का. नाही मामी, काही बिनसलेलं नाही. म्हटलं एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे दरवर्षी 'सुट्टी नाही' असं खोटं सांगायला नको.

मी मुळात असा नव्हतो. 2015 पर्यंत पाहुणे आले की मीच पुढे. रूट पाठ होता. सीएसएमटीला उतरायचं, रस्ता ओलांडून मान वर करून बघायचं, दहा वर्षं बांधत होते, फ्रेडरिक स्टीव्हन्सचं डिझाइन, मग फोर्टमधून चालत राजाबाई टॉवर, म्युझियम, शेवटी गेटवे. तिथे माझा हातखंडा प्रश्न असायचा, सांगा बरं आधी काय बांधलं, ताज की गेटवे? सगळे गेटवे म्हणायचे. मग मी ऐटीत, ताज 1903 आणि गेटवे 1924! ज्या राजासाठी ही कमान तो पंचम जॉर्ज 1911 च्या डिसेंबरात इथे उतरला तेव्हा कमान नव्हतीच, पायाचा दगडच 1913 चा. गांधीजी 1915 साली याच अपोलो बंदरावर उतरले तेव्हाही नव्हती. आणि पुरी होऊन पंचवीस वर्षं व्हायच्या आत, 1948 च्या फेब्रुवारीत, इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीतून बोटीत बसून निघून गेली. लोक वा वा करायचे, मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

एक गोष्ट मात्र इतक्या वेळा जाऊनही माझ्या लक्षात आली नव्हती. गेटवेचा फोटो काढायचा म्हणजे समुद्राकडे पाठ करायला लागते. तिथले फोटोवाले उभंच करतात तसं, 'सर इधर देखो, गेटवे पूरा आएगा'. शेकडो माणसं एका वेळी, सगळी समुद्राच्या काठाशी येऊन समुद्राकडे पाठ करून हसतायत. मी पण त्यातलाच, माझ्याकडे लग्नापासूनचे असे वीसेक फोटो निघतील.

तर 2015 चा ऑगस्ट. साडूभाऊ सोलापूरहून आले होते, नवीन इनोव्हा, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. ते, मेव्हणी, त्यांची मुलगी, आम्ही तिघं आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, अशी सात माणसं. अण्णा तेव्हा गावी असायचे, संगमेश्वरला, डोळ्याच्या ऑपरेशनचं दाखवायला माझ्याकडे आले होते, त्यांना घरी एकटं कुठे ठेवायचं म्हणून बरोबर घेतलं. हे वाक्य खोडणार होतो, पण राहू दे, कारण त्या दिवशी डोक्यात अगदी तसंच होतं. बरोबर घेतलं. त्यांना काही दाखवायचं होतं म्हणून नाही.

अण्णा 1957 ते 1994 गोदीत टॅली क्लार्क. काम काय, तर जहाजाच्या पोटातून स्लिंगने गोणी, पेट्या वर येतात, धक्क्यावर उतरतात, त्या मोजायच्या. चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांना कापत जाणारी तिरकी. पाच झाले. परत चार उभ्या. सदतीस वर्षं. घरी आंब्याच्या पेट्या आल्या तरी तसंच, पंगतीला पानं किती लागतील तेही कॅलेंडरच्या मागे तसंच मोजायचे. साडूंशी ओळख करून देताना मी म्हणालो होतो, अण्णा पोर्ट ट्रस्टला होते. अण्णा लगेच म्हणाले, "गोदीत." मी शाळेतही मित्रांना पोर्ट ट्रस्टच सांगायचो, क्वार्टर्समधली आम्ही बहुतेक सगळी पोरं तेच सांगायचो, ऐकायला बरं वाटतं.

गेटवेला पोचलो तर घारापुरीच्या लाँच बंद, समुद्र खवळलेला. साडूंचा मूड गेला. मी ती कसर भरून काढायला माझं सगळं पुराण चालू केलं, छत्रीखाली उभा राहून, घारापुरीला तो दगडी हत्ती होता ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव ठेवलं, इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना पडून त्याचे तुकडे झाले, आता तो जोडून राणीच्या बागेत ठेवलाय वगैरे वगैरे. अण्णा कठड्याशी. पाठ आमच्याकडे, तोंड पाण्याकडे. तिथे तसा उभा राहिलेला बहुधा तो एकटाच माणूस असेल. माझा मुलगा, तेव्हा सातवीत होता, त्यांच्याजवळ गेला. अण्णा त्याला डाव्या हाताला दाखवत म्हणाले, "हा शोभेचा दरवाजा. खरा तिकडं." मग जहाज भरतीला आत कसं घेतात, मागचं गेट कसं लावतात, बाहेर ओहोटी लागून चिखल दिसायला लागला तरी गोदीतलं पाणी कसं खाली जात नाही, हे त्याला दोन हातांचे पंजे दारासारखे मिटून दाखवत होते. पोरगा खरंच ऐकत होता. मी हाक मारली, अण्णा ते नंतर, आधी फोटो.

संध्याकाळी निघालो. मुलुंडला जायचं म्हणजे पी. डिमेलो रोडने वर येऊन फ्रीवे, तो गोदीच्या कडेने उंचावरून जाणारा रस्ता. उजव्या हाताला गोदीची भिंत लागते, मग गेटं. गेटांना रंगांची नावं आहेत, ग्रीन, रेड, यलो, ऑरेंज, आमच्या लहानपणी घरात हेच पत्ते असायचे. अण्णा ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत. म्हणाले, "ग्रीन गेटाशी जरा थांबव. आत सोडत नाहीत ते ठाऊक आहे मला. बाहेरनं बघू. पाच मिनिटं."

मी म्हणालो, बघू पुढे.

आता माझी बाजू ऐका. पाऊस होता. गाडी माझी नाही. तिथे थांबायला जागा नाही, ट्रेलर उभे असतात. पोरं भुकेली. आणि बघणार काय? एक भिंत, एक गेट, दोन गार्ड, बाकी पत्र्याच्या शेड. हे सगळं खरं आहे आणि यातलं एकही कारण त्या वेळी माझ्या मनात नव्हतं. मनात एवढंच होतं की साडू विचारतील काय आहे इथे, आणि मला सांगायला लागेल की माझा बाप इथे पोती मोजायचा. बास. इतकं साधं.

बघू पुढे म्हणेपर्यंत गाडी रॅम्पवर चढली. फ्रीवेवर चढलात की थांबता येत नाही, चेंबूरपर्यंत नाहीच. अण्णा काही बोलले नाहीत. सात माणसांच्या श्वासाने काचा धुरकटल्या होत्या, त्यांनी बाहीने थोडी काच पुसली, बाहेर बघितलं, आणि मग न पुसलेल्या भागावर बोटाने एक रेघ. मग दुसरी. मुलाने विचारलं, आजोबा काय मोजताय? म्हणाले, "क्रेना." चार उभ्या, एक तिरकी. माझगाव मागे गेलं, दारुखाना आला, तिथेच त्याच्या आदल्या वर्षी विक्रांत ही जुनी विमानवाहू युद्धनौका तोडायला काढली होती, ती बोट मुंबईत म्युझियम म्हणून होती तेव्हा मीच पाहुण्यांना घेऊन गेलो होतो, आता ते सांगायला माझं तोंड उघडलं होतं, तेवढ्यात आरशात साडूंचे डोळे दिसले. ते काचेकडे बघत होते. आणि मी मागे वळून म्हणालो, "अण्णा, काच नका खराब करू, नवीन गाडी आहे."

त्यांनी तळहाताने सगळ्या रेघा पुसल्या. त्याने काच जास्तच खराब झाली.

साडू म्हणाले अहो असू दे असू दे. पुढचा अर्धा तास मी गाडीत एकही साल, एकही आकडा बोललो नाही, आणि माझ्याशिवाय ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मला माहितेय काही लोक म्हणतील काय एवढंसं धरून बसलाय. माझी बायको हेच म्हणते. आणि जो मी तेव्हा होतो तो पण हेच म्हणतो, त्याचं माझं यावरून अजून वाजतं. तो म्हणतो, अरे लोक चार दिवसांसाठी येतात, त्यांना कमान बघायचीय, ताज बघायचाय, त्यांना गोदीचं काय? बरोबर आहे त्याचं. मी म्हणतो, बंदर होतं म्हणून शहर झालं आणि शहरात बंदरच बघायला मिळत नाही, याचं तुला कधी काहीच वाटलं नाही? तो म्हणतो, सिक्युरिटी असते बाबा, कुठल्या चालू गोदीत टुरिस्ट सोडतात? हेही बरोबर. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज फुटलं, एकाच पोटात दारूगोळा आणि कापूस दोन्ही भरलेलं, आग विझवायला गेलेले 66 जवान त्यात गेले, देशभर त्याच तारखेपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. अण्णा नोकरीला लागले तेव्हा त्यातून वाचलेले जुने लोक अजून कामावर होते, जहाजावरच्या सोन्याच्या विटा कुठेकुठे जाऊन पडल्या याच्या गोष्टी आम्ही त्यांच्याकडून ऐकल्या. मी त्या एकाही पाहुण्याला सांगितल्या नाहीत. का? कारण दाखवायला काही नाही, जिथे झालं तो डॉक आता बुजवून टाकलाय. मी फक्त तेच सांगायचो ज्याच्यासमोर उभं राहून फोटो निघतो.

आणि अजून एक, हे वाचलं तेव्हा मी खूप वेळ हसत होतो. आपल्या गोदीत 1817 साली वाडियांनी, म्हणजे जहाजं बांधणाऱ्या पारशी घराण्याने, सागाचं बांधलेलं ट्रिंकोमाली नावाचं जहाज आजही पाण्यावर आहे, तिकीट काढून आत जाता येतं. फक्त त्यासाठी इंग्लंडात हार्टलपूलला जायला लागतं.

अण्णांना मी नंतर दोनतीनदा म्हटलं, या, आपण दोघंच जाऊ, टॅक्सी करू. त्यांचं उत्तर एकच, "बघितली की गोदी. वरनं." हे टोमणा म्हणून होतं की खरंच, मला कळलेलं नाही. खरंच असू शकतं. वरून त्यांनी आधी कधी बघितली नव्हती. आवाजावरून काही सांगता येत नसे, सदतीस वर्षं विंचच्या आवाजात बोललेला माणूस, सगळं एकाच पट्टीत. ते परत मुंबईला आले नाहीत, 2019 ला गेले. मुलाला मी विचारलं तुला ते आठवतं का, तर त्याला गेटवेवरचं पंज्यांचं दार आठवतं, काचेचं काही आठवत नाही. म्हणजे मीच ते जपून ठेवलंय म्हणायचं.

मध्ये एकदा ऑफिसच्या कामाने बॅलार्ड इस्टेटला गेलो होतो, काम लवकर संपलं म्हणून चालत ग्रीन गेटाशी गेलो. उभा राहिलो. ट्रक आत जातायत, बाहेर येतायत. मी मोजायला लागलो आणि अकराव्या ट्रकला चुकलो. गार्डने विचारलं, काय काम आहे? मला पटकन काही सुचलंच नाही. म्हटलं, बस स्टॉप कुठाय? त्याने हात करून दाखवला, मग जायलाच लागलं.

तर मामी, आणि बाकी सगळे, मी येत नाही याचं कारण एवढंच. तुमच्याबरोबर गेटवेला उभा राहिलो की मी परत तो ताज आधी की गेटवे आधी विचारणारा माणूस होईन, आणि नाही विचारलं तर तुमची सहल उगाच सुतकी होईल. तुम्ही मात्र या. घारापुरीला जाणार असाल तर लाँचमध्ये वरच्या डेकवर बसा, जाताना वाटेत तेलाची जहाजं लागतात तो जवाहर द्वीप, सगळे त्या वेळी सीगलना कुरकुरे घालत असतात. मांडव्याला जायचं असेल तर गेटवेऐवजी भाऊच्या धक्क्याहून रो-रो, म्हणजे गाड्यासुद्धा नेणारी बोट, घ्या, मागे वळून बघितलंत तर गोदीचा भाग पाण्यातून दिसतो. ससून डॉक पहाटेच, उजाडायच्या आत, आणि मोबाइल खिशात ठेवा, तिथे फोटो काढू देत नाहीत. आणि सोमवार धरू नका, घारापुरीची लेणी बंद असतात.