भाड्याचं घर, साडीचे पडदे आणि माळ्यावरचं एक खोकं

"भाड्याच्या घरात कशाला गं एवढा पैसा घालतेस, स्वतःचं झालं की कर ना सगळं हौसेनं." मागच्या महिन्यात मावशी आली होती, पडद्यांवरून हात फिरवत म्हणाली. तिचं चुकीचं आहे असं नाही, तिच्या पिढीनं तसंच केलं, आधी घर आणि मग हौस. पण आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, पुण्यातलं हे चौथं घर, आधी धनकवडी, मग वारजे, परत धनकवडी आणि आता सिंहगड रोड. नऊ वर्षं हौस बाजूला ठेवायची म्हणजे लेक आता दुसरीत गेली, तिचं सगळं लहानपण खोक्यांच्या मधून जाणार की. म्हणून हे लिहितेय, कारण माझ्याबरोबरच्या खूपजणी ह्याच अवस्थेत आहेत आणि भाड्याचं घर कसं मांडायचं, मेसेजमध्ये तेच तेच विचारतात.

पहिल्या घरात मी अगदी मावशी म्हणते तशीच वागले होते. अकराच महिन्यांचा करार आहे, कशाला मांडायचं. खिडकीला पेपर चिकटवलेले, कपडे सुटकेसमध्ये, लग्नात आलेल्या निम्म्या वस्तू खोक्यात तशाच सीलबंद. करता करता दोन वर्षं राहिलो तिथं. त्यात एकदा आई सोलापूरहून आली. देव मी फ्रीजवर ठेवले होते, कुणी फ्रीजचं दार जोरात लावलं की बाळकृष्ण हलायचा. आई काहीच बोलली नाही. दुपारी मी ऑफिसच्या कॉलवर होते तेवढ्यात तिनं एक खोकं भिंतीशी सरकवलं, आपल्या पिशवीतला कोरा टॉवेल चौघडी करून वर अंथरला, देव खाली घेतले, पुसले आणि पूर्वेला तोंड करून मांडले. समोर रांगोळीची दोन बोटं. ती गेल्यावर संध्याकाळी दिवा लावायला बसले तर टॉवेलच्या खालून माझंच अक्षर दिसत होतं, 'डिनर सेट, सांभाळून'. दोन वर्षं सांभाळून ठेवलेला डिनर सेट, आणि त्याच्यावर देव. त्याच रात्री ते खोकं फोडलं आणि नवऱ्याला म्हटलं की आता जिथं राहू ते आपलं घर.

पण त्यालाही एक नियम लावला. पैसे फक्त त्या वस्तूंवर घालायचे ज्या पुढच्या घरी आपल्याबरोबर येतील. भिंतीत, फरशीत, मालकाच्या ओट्यात एक रुपया जाणार नाही. बाकी सगळं ह्यातूनच ठरत गेलं.

आधी कागदाचं सांगते कारण तिथंच बरेचजण फसतात. लीव्ह अँड लायसन्स करारावर आपण भाडेकरू नसतोच, 'लायसेन्सी' असतो, म्हणजे वापरायची परवानगी असलेला माणूस. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे हा करार लेखी आणि नोंदवलेला असावाच लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवलेला नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, मालकानं उलटं सिद्ध करेपर्यंत. करारात पंखे, ट्यूब, गीझर ह्यांची यादी असते, ती वाचा, मोजा. आणि सामान आत घ्यायच्या आधी रिकाम्या घराचे फोटो काढून त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सॅपवर पाठवा, भिंतीवरचे डाग, खिळ्यांची जुनी भोकं, बेसिनचा तडा, सगळं. तारीख आपोआप राहते.

हे मी शिकले वारज्याच्या घरात. तिथं खिळा ठोकायला बंदी होती म्हणून मी आरसा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं लावला, चांगला दोन फुटी आरसा. पावसाळ्यात एका रात्री तो खाली आला आणि येताना तळहाताएवढा डिस्टेंपरचा पापुद्रा घेऊन आला. आरसा गादीवर पडला म्हणून वाचला. मी पुट्टी भरली, कोरडी झाल्यावर पॉलिश पेपर मारला, रंगाचा डबा पण आणला, पण चार वर्षं जुन्या रंगाशेजारी नवा रंग कधीच जुळत नाही, चौकोन दिसतोच. सोडताना डिपॉझिटमधून पूर्ण खोलीच्या रंगाचे पैसे कापले. एका चौकोनासाठी पूर्ण खोली. मला ते अजूनही पटलेलं नाही, पण फोटो नव्हते, बोलायला तोंड नव्हतं.

तेव्हापासून नवीन घरात गेलं की आधी भिंतीवर हात फिरवते. हाताला पांढरी भुकटी लागली की तो साधा डिस्टेंपर, तिथं चिकट हुक, टेप, स्टिकर काहीच लावायचं नाही. चिकट हुक टाइल्सवर, काचेवर, लोखंडी कपाटावर, सनमायकावर छान बसतात, फक्त जागा आधी पुसून पूर्ण कोरडी करायची आणि हुक लावल्यावर एक दिवस काही अडकवायचं नाही. काढताना हेअर ड्रायरनं गरम करायचं आणि मागून दोरा ओढत न्यायचा, ओरबाडायचं नाही. आरसा आता माझ्याकडे जमिनीवर उभा असतो, भिंतीला टेकवून, खाली रबराची पट्टी. फ्रेम पण तशाच, कपाटावर आणि बुकशेल्फवर टेकवलेल्या.

सगळ्यात कमी पैशात घर सगळ्यात जास्त कशानं बदलतं विचाराल तर दिवे. मालक लोकांनी बसवलेल्या ट्यूब आणि बल्ब बहुतेक ६५०० केल्विनचे असतात, तो निळसर पांढरा उजेड, दवाखान्यात असतो तसा. बल्बच्या खोक्यावर आकडा लिहिलेला असतो, हॉलमध्ये आणि झोपायच्या खोलीत ३००० च्या आसपासचा घ्या, पिवळसर, संध्याकाळी डोळ्यांना शांत वाटतो. स्वयंपाकघरात मात्र पांढराच ठेवा, डाळीतला खडा दिसायला पाहिजे. मालकांची ट्यूब फेकायची नाही, पुसून खोक्यात घालून माळ्यावर. आमच्या माळ्यावर एक खोकं आहे त्याच्यावर मोठ्या अक्षरात 'मालकांचं' लिहिलंय, त्यात त्यांची ट्यूब, पडद्याचे जुने ब्रॅकेट, बाथरूमचा जुना शॉवर, नावाची पाटी. सोडताना सगळं जिथल्या तिथं लावून द्यायचं.

आता पडदे, ज्यावर मावशी अडली होती. ते पडदे म्हणजे आईच्या सुती साड्या आहेत. रेडिमेड पडदा खिडकीच्या मापानं घेतला की पुढच्या घरात तो आखूड पडतो नाहीतर लोळतो, माझे दोन सेट असेच वाया गेले. साडीचं गणित सोपं आहे, सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर म्हणजे अठरा फूट, पन्हा पंचेचाळीस-सेहेचाळीस इंच. जमिनीपर्यंतचा पडदा सात फुटी धरला तर वरचा नेफा आणि खालचा दुमडा धरून साडेसात साडेसात फुटांचे दोन भाग निघतात, वर तीन फूट उरतं त्यात उशीचे अभ्रे. दोन पन्हे मिळून नव्वद इंच होतात आणि आपली खिडकी असते चार फुटी, म्हणजे चुण्या पण भरपूर पडतात. मी खालचा दुमडा मुद्दाम चार इंच आत घेते, धावदोऱ्यानं हातानं घातलेला, पुढच्या घरात खिडकी उंच निघाली तर उसवायला अर्धा तास. रॉड स्प्रिंगचा, खिडकीच्या दोन बाजूंच्या मध्ये दाबून बसतो, ड्रिल नाही काही नाही. सुती साडीचं वजन पेलतो, जाड पडद्याचं नाही पेलत हे लक्षात ठेवा.

दुपारी तीनच्या पुढं त्या साड्यांतून ऊन आलं की काठाची सावली फरशीवर पडते, लाल चौकड्यांची. लेक त्या चौकड्यांवर लंगडी खेळते. आई ही साडी नेसून शाळेत शिकवायला जायची, मला पदराचा खडूचा वास आठवतो.

दिवाणावर सोलापुरी चादर, अर्थात. मी सोलापूरची म्हणून म्हणत नाही, जीआय मानांकन उगीच नाही मिळालं तिला. मयूरपंखाची घ्या, विणच अशी असते की एका बाजूला जो रंग नक्षीत तो मागच्या बाजूला जमिनीत येतो, म्हणजे एक चादर उलटली की खोली वेगळी दिसते. सोफा आम्ही घेतलाच नाही. दोन सिंगल कॉट घेतल्या, ६ बाय ३ च्या, एका घरात शेजारी लावून डबल बेड, दुसऱ्या घरात एक हॉलमध्ये दिवाण म्हणून. फर्निचर घेताना मी दोन मापं बघते, घराच्या दाराचं आणि छोट्या हत्तीचं, म्हणजे सामान न्यायच्या छोट्या टेम्पोचं. छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पाच फूट रुंद, त्यात जे उभं-आडवं बसत नाही ते घ्यायचं नाही. धनकवडीच्या जिन्याच्या वळणावर एकाचं वॉर्डरोब अडकलेलं मी डोळ्यांनी बघितलंय, शेवटी दारं उपसून काढली.

स्वयंपाकघराला मी सगळ्यात जास्त वेळ देते कारण तिथं दिवसातून दहादा जावं लागतं. जुन्या बिल्डिंगमध्ये ट्रॉल्या नसतात, ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे असतात, खोल आणि अंधारे, मागचं काही दिसत नाही आणि मग दोन दोन किलो साबुदाणा निघतो. मी प्रत्येक कप्प्याची उंची टेपनं मोजली आणि मगच खरेदीला बोहरी आळीत गेले. लांबट प्लास्टिकचे ट्रे घेतले, खोलीला पुरतील असे, ड्रॉवरसारखे ओढता येतात. एका ट्रेमध्ये रोजच्या डाळी, एकात उपासाचं, एकात बेसन-रवा-पोहे. पुढच्या घरी ट्रे सकटच टेम्पोत जातात, डबे पॅक करायची गरजच नाही. ओट्यावर आईनं दिलेली स्टीलची मांडणी, तिला भिंतीला ठोकायचे हुक होते पण मी ती कडप्प्यावर उभी केलीय, तळाला दोन जड पातेली ठेवली की हलत नाही. टोपल्यांसाठी तुळशीबागेत जाण्यापेक्षा बुरूड आळीत जा, कांदे-बटाट्याला बांबूची टोपली लागते, हवा खेळती राहते, आणि तुमच्या मापाची विणून देतात. उन्हाची बाल्कनी असेल तर बांबूच्या काड्यांचा चिक पडदा पण तिथंच.

पावसाळ्याचं एक. कुठलंही कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा, ओल असेल तर मागून बुरशी धरते आणि कळतं तेव्हा सगळ्या साड्यांना वास. कपड्यांत वेखंडाचे तुकडे कापडात बांधून ठेवते मी.

देवांचं राहिलंच. दुसऱ्या घरापासून देवांसाठी छोटं लाकडी चौरंगासारखं स्टूल आहे, खाली दोन खण, वात-काडेपेटी-कापूर त्यातच. टेम्पो येतो तेव्हा सगळ्यात शेवटी ते उचलतो आणि नव्या घरात सगळ्यात आधी तेच ठेवतो. आईचा तो टॉवेल अजून त्याच्यावरच असतो, धुऊन धुऊन विरलाय आता.

मागच्या रविवारी मालकीणकाकू आल्या होत्या, नव्या कराराचं बोलायला. आल्या आल्या वर बघितलं आणि म्हणाल्या, "अगं इथली ट्यूब कुठंय?" मी शिडी लावून माळ्यावरचं खोकं काढून दाखवलं. त्यांनी आतलं एकेक बघितलं, नावाची पाटी हातात घेऊन पदरानं पुसली, त्यांच्या सासऱ्यांच्या नावाची होती. मग चहा घेतला, बराच वेळ खिडकीकडे बघत होत्या. भाडं वाढवलं ते वाढवलंच, ते ठरलेलं होतं. पण बुधवारी परत आल्या, पिशवीत दोन साड्या, सासूबाईंच्या, इरकल, एक हिरवी आणि एक जांभळी. "नेसवत नाहीत मला, टाकवत पण नाहीत. आमच्या हॉलला होतील का गं?" त्यांची खिडकी सहा फुटी आहे, एका साडीत चुण्या कमी पडतील, म्हणून दोन्ही वापरून मधे जांभळी आणि कडेला हिरवी असं घालायचं ठरवलंय. शनिवारी त्यांच्याकडे माप घ्यायला जातेय.