हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातलं अंतर

अपघातांच्या व्हिडिओंची तांत्रिक तपासणी करणं हे माझं काम. कात्रजजवळचं ते प्रकरण माझ्याकडे आलं तोवर व्हॉट्सॲपवर निकाल लागूनही गेला होता. हेल्मेटवर ॲक्शन कॅमेरा लावलेला तरुण दुचाकीस्वार, रस्ता ओलांडणारे आजोबा आणि धडक. क्लिपमध्ये आजोबा चांगले तीस-पस्तीस मीटर लांब दिसतात आणि गाडी सुसाट वाटते. ‘एवढ्या लांबून दिसत असूनही उडवलं!’ म्हणत लोकांनी त्या पोराचा फोटोही फिरवला होता. आजोबांचं खुब्याचं हाड मोडलेलं.

मी आधी मूळ मेमरी कार्ड मागवलं. गोप्रोसारखे कॅमेरे व्हिडिओच्याच फाइलमध्ये जायरोस्कोपच्या, म्हणजे कॅमेरा कधी कसा वळला-कलला याच्या, नोंदी ठेवतात. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ गेला की तो आकसतो आणि या नोंदी गळतात.

खरी गोम भिंगात होती. निक वुडमनने 2004 साली आणलेला पहिला गोप्रो सर्फिंग करणाऱ्यांनी मनगटाला बांधायचा होता. लाटेवर नेम कोण धरणार? म्हणून आजच्या ॲक्शन कॅमेऱ्यांचं भिंग समोरचं जमेल तितकं सगळं कवेत घेतं. त्यापायी समोरचा माणूस लहान, म्हणून लांब भासतो. कडेची झाडं मात्र झपाट्याने मागे पळतात आणि वेग वाढलेला वाटतो. आरोपीच्या दृष्टीने दोन्ही घातकच.

पहाटे तोच कॅमेरा त्याच सेटिंगवर लावून जागेवर गेलो. आजोबांचा मुलगाही आला होता, रागातच. टेपचं एक टोक मी त्याच्या हातात दिलं. दिव्याच्या दोन खांबांमध्ये 27 मीटर भरले. मूळ व्हिडिओत तेवढं अंतर कापायला 135 फ्रेम लागल्या होत्या; सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे सव्वादोन सेकंद. वेग ताशी 43 किलोमीटर. मग वडील जिथे दुभाजकावरून उतरले तिथे तो उभा राहिला. दुभाजकाचे काळे-पिवळे पट्टे मूळ फ्रेमशी जुळेपर्यंत मी मागे सरकत गेलो. टेप 17 मीटरवर थांबली. त्या वेगात माणसाला भान येऊन ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला, तरी 18 मीटर जातात.

“म्हणजे त्याला वेळच मिळाला नाही?”

“नाही मिळाला.”

अहवालासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र आणि फाइलची हॅश, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे पडताळायचा तिचा डिजिटल ठसा, जोडली. आजोबांच्या मुलाने मात्र वेगळंच मागितलं: ज्या ग्रुपवर त्याने स्वतः ती क्लिप टाकली होती, तिथे टाकायला हेच सगळं सोप्या मराठीत एका पानावर. वकिलांना विचारून, दुचाकीस्वाराचं नाव वगळून, ते मी त्याच संध्याकाळी लिहून दिलं.